चाळीस सेकंदांतले बारा प्रश्न

साहेब लोक निवृत्त झाले की आपल्या केसेस लिहून काढतात. मी उमरखेड तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्यात झाडू मारून निवृत्त झाले. शिक्षण चौथी. पण एक केस माझीही आहे, आणि ती मी लिहिणारच.

ढाणकीकडची एक विधवा बाई तक्रार घेऊन आली. तिच्याजवळचे पैसे मुलीच्या नर्सिंगच्या फीचे, जूनमध्ये लागणारे. गावातल्या एजंटाने तिच्या मोबाइलवर गुंतवणुकीचा सल्ला देणारे अ‍ॅप टाकून दिले. अ‍ॅपने सगळे पैसे जोखमीच्या शेअरांत घालायला सांगितले. ते निम्म्यावर आले.

साहेबांनी एजंटाला चौकशीला बोलावले. तो ऐटीत म्हणाला, "सल्ला मी नाही देत साहेब, मशीन देते. माणसाच्या उत्तरांवरून शिकते आन् ज्याले त्याले येगळा सल्ला देते. बाईनं सोताच लिवलं, तोटा झाला तरी चालते, पाच वर्सं पैसे नको."

"मी कायले असं लिवीन? पोरीची फी हाय ते!" बाई म्हणाली.

अ‍ॅपच्या कंपनीने पाठवलेला प्रश्न-उत्तरांचा कागद रायटरने, म्हणजे ठाण्यातल्या लिखापढीच्या हवालदाराने, मोठ्याने वाचला. उत्तरे बाईच्याच मोबाइलवरून गेलेली. प्रश्न बारा, लागलेला वेळ चाळीस सेकंद.

"बाई, रेकॉर्ड तुमच्या विरुद्ध आहे. गुन्हा कसा नोंदवू?" साहेब म्हणाले.

मी चहाचे कप उचलत होते. इतक्या वर्षांत साहेबांपुढे 'हो जी'च्या पलीकडे बोलले नव्हते.

"साहेब, ते प्रश्न मी वाचू का?"

"मावशी, तुम्ही?"

"तुमी फक्त घड्याळ पाहा."

पहिला प्रश्न मी बोट ठेवून, अक्षर जुळवत वाचला. शिपाई फिदीफिदी हसत होते. कान तापले, पण मी थांबले नाही. प्रश्न संपला तेव्हा पाऊण मिनिट झाले होते. मग साहेबांनी कागद बाईपुढे सरकवला. तिने दुसरीतच शाळा सोडलेली. ती दुसऱ्या शब्दाला अडली.

आता कोणी हसत नव्हते.

"बोल, मोबाइल कोणाच्या हातात होता?" साहेबांनी एजंटाला विचारले.

त्याची मान खाली गेली. "जोखीम जास्त लिवली त कमिशन जास्त भेटते, साहेब."

गुन्हा नोंदला गेला. उत्तरे बाईची नव्हती हे कंपनीला मानावे लागले. जूनच्या आत पैसे परत आले, पोरीचा प्रवेश झाला.

मशीनने उत्तरांवरून ओळखला होता तो एजंट. बाईला तिने पाहिलेच नव्हते. आणि अडखळत वाचते म्हणून मी जन्मभर मान खाली घातली होती. आता नाही घालत. कोणी मोबाइल पुढे करून "मावशी, दाबा न बटन लवकर" म्हणाले, की मी चष्मा लावते.

"थांब," म्हणते. "मी वाचून राह्यली."