विहिरीतली लाल काच

पाण्यात शूटिंग करायला लाल काच कशाला लागते, हे मी प्रत्येक मांडवात सांगतो आणि कोणी ढिम्म ऐकत नाही. पाणी आधी लाल रंग गिळतं. दोन-तीन पुरुष खोल गेलं की लाल टॉवेलसुद्धा काळपट हिरवा दिसतो. म्हणून भिंगापुढं लालसर काच बसवायची, म्हणजे खोलातले रंग परत येतात. पण तीच काच वरच्या हातभर पाण्यात राहिली, की नसलेला लाल दिसायला लागतो. एवढी साधी गोष्ट आहे. पण लोकांना नुसता टीव्ही पाहिजे.

कळमनुरीच्या अलीकडच्या एका गावात हळद होती. हळदीच्या अंगानं विहिरीत उडी मारायचं नवं खूळ आमच्याकडं निघालंय. म्हातारे म्हणतात, हळद लागल्यावर पाण्याकडं फिरकू नये. पोरं म्हणतात, व्हिडिओ पायजे. मी बोअर तपासायचा वायरचा कॅमेरा पाण्यात सोडतो. छोटा स्क्रीन माझ्या हातात असतो आणि वायर वर काठावरच्या टीव्हीला जोडलेली असते, म्हणजे पाण्यातलं सगळं पाहुण्यांना तिथल्या तिथं दिसतं. उडीच्या आधी मी टीव्हीपाशी उभं राहून घसा फोडून सांगितलं, "सुरुवातीला लाल दिसंल, घाबरू नका!" डीजे असा बोंबलत होता की माझं मलाच ऐकू आलं नाही.

मग मी विहिरीच्या मधल्या पायरीवर उतरलो. नवरदेव आणि त्याचा आतेभाऊ, लहानपणापासून एका ताटात जेवलेले दोघं तरणे गडी, हातात हात घालून पाण्यात झेपावले. नवरदेवाच्या दुसऱ्या हातात लिंबू टोचलेली कट्यार होती. हळद लागल्यावर ती खाली ठेवायची नसते, म्हणून गडी ती घेऊनच पाण्यात गेला. पाण्यात ती सुटली. आतेभावानं बुडी मारून काढली आणि कट्यार हातात धरून तो मधोमध वर आला. तोवर नवरदेव दम खायला मोटारीच्या पायपाला धरून कपारीखाली गेला होता. मला दिसत होता, काठावरच्यांना नाही. आणि टीव्हीवर काय? अंगाची हळद सुटून पाण्यात पसरलेली आणि त्यावर माझी काच. लालभडक!

"भोसकलं रे! नवरदेवाला भोसकलं!" वरून कोणीतरी किंचाळलं.

निमित्तच पाहिजे होतं मेल्यांना. आतेभावाच्या आईनं, म्हणजे नवरदेवाच्या आत्यानं, भावाकडं शेतातला हिस्सा मागितला होता, तेव्हापासून दोन घरांत कुऱ्हाडी निघायच्याच बाकी होत्या. लग्नापुरतं तेवढं गोड चाललं होतं. पहिला दगड नवरदेवाच्या बापानं घातला. सख्ख्या भाच्यावर घातला, माझ्या डोळ्यांदेखत.

मग काय, हाताला लागेल ते खाली येऊ लागलं. काठावरचे धोंडे, फरशीचे तुकडे. एकानं तर आचाऱ्याचा वरवंटा फेकला. एक दगड माझ्या खांद्यावर बसला. मी आयमायवरून शिव्या देत होतो. नवरदेव कपारीखालून ओरडत होता, "मी हाय इथं! मला काय न्हाई झालं!" पण बाहेर यावं तर दगड. आतेभावानं कट्यार टाकली आणि दोन्ही हात डोक्यावर धरले. "मामा! मामा, म्या काय केलं? मामा, मारू नका!" मला शब्द न् शब्द ऐकू येत होता. वर डीजे चालूच. एका धोंड्यानं त्याची बोटं चेचली, तसे हात खाली आले. पुढचा कपाळावर बसला.

मी कॅमेरा वर ओढला, काच उपटून काढली आणि परत सोडला, कपारीकडं तोंड करून. टीव्हीवर पिवळं पाणी आलं आणि नवरदेवाचे हलणारे पाय आले. ते बघून डीजेवाल्यानं आवाज बारीक केला, तसा मी ओरडलो, "जिता हाय तो! लाल होती ती काच होती, गाढवांनो!"

दगड थांबले. कोणीतरी शिट्टी मारली. चक्क हसले हो लोक! नवरदेवाचा बाप म्हणाला, "हात्तिच्या!"

आतेभाऊ पाण्यावर नव्हता. कॅमेरा खाली सोडला तर खोलातून काळपट हिरवा धूर वर येताना दिसला. "रक्त हाय ते! उड्या टाका कोणीतरी!" मी ओरडलो. खुद्द मला पोहता येत नाही.

"शेवाळ हाय," वरून उत्तर आलं. "बुडी मारून नाटकं करून राहिला."

मी काच परत चढवली आणि कॅमेरा तळाकडं सोडला. आता ती खरं दाखवत होती. लाल, दाट, आणि त्याच्याखाली त्याची पाठ. "बघा! बघा की डोळे फाडून!"

"अहो शूटिंगवाले," नवरदेवाचा बाप काठावरून म्हणाला, "आत्ताच तुमीच म्हणले ना, लाल दिसलं की काचेचं असतं?"

माझ्या हातातल्या स्क्रीनवर नवरदेवाची नजर गेली आणि त्यानं कपार सोडून बुडी मारली. दुसऱ्या खेपेला तो भावाला केसांना धरून वर घेऊन आला. पायरीवर ठेवला तेव्हा कपाळ उघडं पडलं होतं. उन्हात ते सगळ्यांना दिसलं. मग डीजे बंद झाला.

जीप दवाखान्याकडं सुटली. मागच्या सीटवर मामानं भाच्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं. जीव विहिरीतच गेला होता, ते मामा सोडून आम्हा सगळ्यांना कळलं होतं. तो त्याचे गाल थोपटत रडत होता. "काहून गप राहिला रे लेकरा? एकदा 'मामा' म्हणून हाक मारली असती, तर म्या हात आवरला असता."

मी पुढं बसलो होतो. मागं वळून त्याच्या तोंडावर सांगितलं, "मारली होती. कपाळ फुटेस्तोवर मारून राहिला होता."