घोडीपक्षाचे आबा

"हॉर्न वाजाड रे भो! वाजाड ना! बॅटरी उतरी गई का तुन्ही?"

लोणखेड्याच्या रस्त्यावर उसाने लादलेला ट्रक उभा आणि ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून चक्रावलेला. आयुष्यभर त्याने हॉर्न वाजवला म्हणून लोकांनी त्याला शिव्या घातल्या होत्या. हॉर्नसाठी विनवण्या करणारा माणूस त्याला पहिल्यांदाच भेटत होता. ट्रकसमोर आबा, आणि त्यांच्या हातातल्या दोरीच्या दुसऱ्या टोकाला माझी तरणी घोडी चंदा, कानापासून शेपटीपर्यंत थरथरत. शेवटी ड्रायव्हरने असा काही हॉर्न दिला की शेजारच्या मळ्यातले केळीचे कच्चे घड जागच्या जागी पिकले. चंदा चार पायांवर होती ती दोन पायांवर आली. आबा तसूभर हलले नाहीत. दोरी सैल सोडली, ती खाली आल्यावर तिच्या मानेवर हात ठेवला आणि पाहुण्याची ओळख करून द्यावी तसे म्हणाले, "चंदे, हाऊ ट्रक शे. हाऊ तुले खात नही." मग ट्रककडे वळून, "आनि हाई चंदा. लोनखेडानी. वळखी ठेव."

ड्रायव्हरने ट्रकच्या वतीने मान डोलावली. दुसरं काय करणार?

आबांचा धंदा हाच. कोवळ्या घोड्यांना जग दाखवायचं. घोडा चालवायला शिकवणारे आमच्याकडे गल्लीगल्लीत आहेत, नाचवायला शिकवणारे त्याहून जास्त. पण सारंगखेड्याच्या बाजारातून घेतलेलं शिंगरू गोठ्याबाहेर पहिलं पाऊल टाकतं आणि युरियाची रिकामी गोणी बघून उधळतं, तेव्हा आबांकडेच यावं लागे. त्यांच्याकडे चाबूक नव्हता. होता तो आवाज. तोंडाची टकळी सकाळी दात घासताना सुरू होई ती झोपेतही थांबत नसे, असं त्यांच्या सूनबाई सांगत. घोड्याच्या कानाशी अखंड बोलत राहायचं, ही त्यांची सगळी विद्या. "मानूस बोली ऱ्हायना म्हनजे सगळं बरं शे, इतलं घोडाले समजस," ते म्हणत.

चंदा त्यांच्याकडे गेली ती माझ्या वडिलांमुळे, म्हणजे नानांमुळे. मी शहाद्यात मोबाइल दुरुस्त करतो. घोडी पाळायचं मला काही कारण नव्हतं, पण बाजारात तिने माझ्याकडे बघितलं आणि मी सगळ्या भाऊबंदांसमोर बोलून बसलो की माझ्या लग्नात मी माझ्याच घोडीवर बसणार. घरी आणल्याच्या तिसऱ्या दिवशी नानांनी ऊन लागतं म्हणून तिच्याशेजारी छत्री उघडली. पुढचं मी बघितलं नाही, नुसतं ऐकलं. नाना सापडले ते पपईच्या बागेत, पाटाच्या पाण्यात, हातात नुसती छत्रीची दांडी. तिथूनच त्यांनी हुकूम सोडला, "हाई घोडी यंदानी यात्रामा इकी टाकसू!"

आबा तेव्हा रस्त्याने चालले होते. पाटात वाकून म्हणाले, "नाना, घोडी खराब नही. तिले जगनी वळख नही. मले बापूना लगीनपावत टाइम दे."

नाना चिखल पुसत म्हणाले, "दिधा. पन लगीनमा तिन्हा एक पाय जरी वाकडा पडना, ते दुसरा दिन बाजार."

मला लग्नाची तारीख जवळ आल्याचा आनंद व्हावा, तर मी कॅलेंडरचं पान उलटायचं टाळू लागलो. नवरी तर मिळाली होती. घोडी जायची वेळ आली होती.

आबा कामाला लागले. चंदाला जेसीबीपाशी नेलं, तिच्याकडून त्याच्या खोऱ्याचा वास घेववला. पिठाची गिरणी दाखवली, बँडवाल्यांची तालीम दाखवली. एक दिवस माझ्या दुकानात येऊन म्हणाले, "बापू, ते उडतं पाखरू लगीनमा येवाव शे ना? लयी ये." मी मित्राचा ड्रोन मागून आणला. चंदा त्याच्याकडे बघून फुरफुरली आणि आबा आकाशाकडे तोंड करून ओरडले, "हाई चंदा शे! वळखी ठेव!"

अनोळखी लोकांच्या लग्नात ते तिला घेऊन सरळ घुसत आणि डीजेच्या भिंतीला खेटून उभे राहत. एका ठिकाणी मुलीच्या मामाने हटकलं, "तुम्ही वरपक्षाकडचे का वधूपक्षाकडचे?" आबा म्हणाले, "घोडीपक्षाकडला." त्यांना पहिल्या पंगतीत बसवलं, आणि घोडीपक्षाच्या मुख्य पाहुणीला परातभर गूळ मिळाला.

रेल्वे दाखवायला तर तिला पायी नंदुरबारला नेलं, वाटेत तापीकाठच्या प्रकाशा गावी मुक्काम करून. मालगाडी धडधडत गेली, चंदाने नुसते कान हलवले. परत येताना मिरच्यांच्या पथाऱ्यांवरून आले. नजर जाईल तिथवर लाल वाळवण. तिथे चंदा अशी शिंकली की अर्धी पथारी उडून गुजरातच्या हद्दीत पडली आणि तिकडच्या गावांत आठवडाभर बिनफोडणीची डाळ तिखट लागत होती. हे मी आबांकडून ऐकलं. मी त्यात फक्त डाळ घातली आहे.

लग्नाचा दिवस उगवला. संध्याकाळी पाच वाजता मी फेटा बांधून चंदावर बसलो. समोर डीजे, वर ड्रोन, पायाखाली फटाक्यांच्या माळा. नाना शेजारून चालत होते, नजर माझ्याकडे नाही, तिच्या चार पायांवर. ती मात्र डुलत चालली होती, जशी काही वरात तिचीच. आबा पुढे होते, पण त्यांची एक गंमत झाली होती. आठ दिवस ट्रकवाल्यांना ओरडून ओरडून त्यांचा घसा पार बसला होता. तोंड हलत होतं, आवाज नव्हता.

मारुतीचं देऊळ पन्नास पावलांवर राहिलं आणि जनरेटर बंद पडला.

डीजे गप्प. नाचणारे हात वर करून तसेच थांबले. त्या अख्ख्या गल्लीत, जिथे कुत्रंसुद्धा कधी गप्प बसलेलं नाही, अशी शांतता पसरली की मला माझ्या मुंडावळ्यांचा आवाज ऐकू आला.

आणि चंदा बुजली. मांडीखाली तिचं सगळं अंग ताठ झालं. कान मागे गेले, ती एक पाऊल सरकली, मग दुसरं, आणि मागे जिलेबीची कढई. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आबांनी तिला जगातला प्रत्येक आवाज दाखवला होता. शांतता दाखवायची राहून गेली होती. कशी दाखवणार? आबा जिथे असत तिथे ती कधी फिरकलीच नव्हती.

नानांनी हात लांब करून लगाम धरायला घेतला. त्यांच्या चेहऱ्यावर मला बाजार दिसला.

पण आबा आधी पोचले. त्यांनी लगाम धरला नाही. तिच्या मानेवर हात ठेवला, कपाळ तिच्या कपाळाला टेकवलं, आणि त्या बसलेल्या घशातून जेवढी हवा निघाली तेवढ्यात म्हणाले, "चंदे, हाई शांतता शे. हाई तुले खात नही."

ते ऐकलं फक्त तिघांनी. चंदाने, वर बसलेल्या मी, आणि शेजारी उभ्या नानांनी.

तिने एक मोठा श्वास सोडला. मग एकेक पाऊल टाकत, आवाज नसलेल्या गल्लीतून, मला देवळापर्यंत घेऊन गेली. एकही पाय वाकडा पडला नाही. दुसऱ्या दिवशी बाजाराचं नाव निघालं नाही. नानांनी उलट नवी छत्री आणली आणि रोज सकाळी तिच्यासमोर उघडून दाखवू लागले.

पुढे माझी मुलगी पहिल्यांदा शाळेत जाताना दारात रडायला लागली, तेव्हा मीही तिच्या मानेवर हात ठेवून म्हणालो, "हाई शाया शे. हाई तुले खात नही." बाईंनी माझ्याकडे विचित्र नजरेने बघितलं. मी त्यांना म्हणालो, "आणि ही तारा. ओळखून ठेवा."

यंदा पौषात आबा गेले. सकाळी त्यांच्या दारात गाव जमलं. कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. मला तर ते आवारच ओळखू येईना. इतक्या वर्षांत तिथे असा सन्नाटा मी कधी ऐकला नव्हता. नानांनी चंदाला आणलं होतं आणि दोरी स्वतःच धरून उभे होते. लोकांनी आबांना उचललं, तिच्या अगदी समोरून नेऊ लागले, तसा मी घाबरून नानांच्या कानाशी गेलो.

"नाना, तिले घर लयी जाऊ का? इतली शांततामा बुजी जाई."

नाना आबांकडे बघत होते.

"नही," ते म्हणाले. "तिन्ही वळख व्हई गई शे."