चकरी आणि मोटार

एकदा जत्रेत मी शहाणपणा करून स्वतःच्याच नातीला पाडणार होते. तेव्हा मी पन्नाशीत होते, म्हणजे अक्कल यायची होती, पण ती आलीय अशी माझी खात्री होती.

निरगुडसरच्या जत्रेत एकाने फळ्यांची गोल चकरी लावली होती. पोरांना काठाला बसवून तो कडेचा गज धरायला लावी, एकदा ढकली आणि हात मागे बांधून उभा राही. मधली जागा रिकामी असताना काठाला कशाला? मला संशय आला. त्यात तो पोरांकडे बघतही नव्हता. मान वाकडी करून मधल्या खांबाची करकर ऐकत होता. असा माणूस सरळ असेल का?

माझी नात बसलेली चकरी फिरू लागताच मी ओरडले, "पोरांनो, आत सरका! खांब धरा!"

पोरं रांगत आत सरकली आणि चकरी भिंगरीसारखी सुटली. त्याने हातही लावला नव्हता. नातीचा एक हात सुटला.

"मेल्याने खाली मोटार लपवलीय!" मी किंचाळले.

"काठाला सरा रं, हळूहळू," तो म्हणाला. पोरं मागे सरली तशी चकरी मंदावली. नात रडत उतरली.

वजन मध्याशी गोळा झालं की फिरणं वाढतं, हे कॉलेजात गेलेल्या नातीनं परवा मला शिकवलं. तो मात्र त्या दिवशी, चकरीखाली वाकून बघणाऱ्या मला म्हणाला, "मावशी, खाली काय नाय. मी निसती ढकलली व्हती, पळवली तुमीच. लई ताकद हाय बगा तुमच्या आवाजात."