पुस्तकातलं भरीत

नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. आम्ही जळगावात पिंप्राळ्याला राहायचो. हिवाळ्यातल्या एका रविवारी माझी बायको सुधा चहा पिता पिता म्हणाली, "अहो, ती खानावळ बघून येऊ या."

कुठली, हे विचारावं लागलं नाही. शिंदखेड्याकडच्या एका खानावळीत पंचवीसेक वर्षांपूर्वी कापसाचा व्यापारी वांग्याचं भरीत खाऊन मेला होता. खानावळवाल्या बाईवर खटला चालला, कोर्टानं तिला निर्दोष सोडलं. पण त्यावर जे 'सत्यकथा' म्हणून पुस्तक गाजलं, त्यात विष तिनंच घातलं होतं. सुधाला ते पुस्तक जवळजवळ पाठ होतं आणि आमच्या घरी तेव्हापासून भरीत बंद होतं.

स्कूटर काढली. आता हा रस्ता ऐसपैस झालाय, तेव्हा पारोळ्यानंतर ट्रकमागे धूळ खात जावं लागायचं. धुळ्यात पेट्रोल भरलं, सोनगीरला किल्ल्याच्या पायथ्याशी चहा घेतला. खानावळीचा पत्ता विचारताच चहावाला उत्साहानं म्हणाला, "इखवाली ना? सरळ जा. बोर्ड शे मोठा." इख म्हणजे विष.

बोर्ड खरंच मोठा होता. 'पुस्तकात वाचले, आता चाखा! सुप्रसिद्ध भरीत.'

खानावळवाल्या गोदाअक्का आत पाटावर बसून भाजलेली हिरवी वांगी सोलत होत्या. बोर्ड त्यांच्या मुलानं, अशोकनं लावलेला. सुधानं दबकत विचारलं, "पुस्तकात लिहिलंय ते..."

"तो लेखक आठेच, मना समोर बसेल व्हता," अक्का म्हणाल्या. "मना हातनं भरीत दोनदा मांगी मांगी खादं. मंग घर जाईसन लिखं, का मी इख कालवं. कोर्टनी माले सोडी दिधं, पुस्तकनी नही सोडं."

"मग व्यापारी कशानं गेला?"

"छाती दुखस म्हने, तव्हय खादंच नव्हतं त्यानी. ताट तसंच पडेल व्हतं."

सुधा गोंधळली. पुस्तकात तो बोटं चाटून खातो, असं दीड पान आहे.

तेवढ्यात बाहेर जीप थांबली. अशोकची मुलगी रेखा, तिला बघायला धुळ्याची मंडळी आली होती. मुलगा, त्याचे आईवडील आणि आजोबा नाना, निवृत्त मास्तर. आम्हाला उठू दिलं नाही. पाहुण्यांबरोबर आमचीही ताटं मांडली. पोहे वगैरे नाहीत, अक्कांनी हट्टानं ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि भरीतच वाढलं.

कुणी घास उचलेना. सगळे नानांकडे बघत होते आणि नाना ताटाकडे.

"आमचा काही आक्षेप नाही," नाना अखेर म्हणाले. "पण पुस्तक मी वाचलंय. लेखक अभ्यासू माणूस."

"नाना, कोर्टाचा निकाल आहे ना," मुलगा पुटपुटला.

"निकाल एकदा लागतो. पुस्तकाच्या किती आवृत्त्या निघाल्या!" नाना आमच्याकडे वळले. "तुम्ही तिऱ्हाईत. तुम्ही आधी घ्या."

मी भाकरीचा तुकडा मोडला खरा, पण हात तिथेच थांबला. सुधानं माझ्याकडे पाहिलं, अक्कांकडे पाहिलं आणि सरळ मोठा घास घेतला. मग दुसरा. ठसका लागला तेव्हा मुलाची आई किंचाळलीच.

"मिरची शे ती!" अक्का ओरडल्या.

सुधानं डोळे पुसले, ताट संपवलं आणि आणखी मागितलं. मीही जेवलो. पण नाना खिशातलं घड्याळ काढून म्हणाले, "पुस्तकात परिणाम व्हायला अर्धा तास लागतो."

मग आम्ही सगळे सुधाकडे बघत बसलो. मुलाचे वडील मधूनच विचारत, "गरगरतंय का?" सुधा म्हणे, "नाही." अशोक पंख्यानं वारा घालू लागला. अक्का मात्र कुणाकडेही न बघता वांगी सोलत राहिल्या.

अखेर नानांनी घड्याळ खिशात घातलं. "उत्तम. आम्हाला मुलगी पसंत आहे."

दारात उभी असलेली रेखा आत आली. आवाज न चढवता म्हणाली, "मले तुमचं घर पसंत नही. मनी आजीना हातनं खावाआधी ज्यास्नी दुसऱ्याना जीव तपासा, तठे मी काय रांधू?"

अशोकनं कपाळावर हात मारला. नाना म्हणाले, "पुस्तकात अक्कांची नात इतकी उद्धट नाही."

"पुस्तक लिखं तव्हय मी जन्मेल नव्हती," रेखा म्हणाली.

पाहुणे न जेवता गेले. अक्का रडतील असं मला वाटलं. त्यांनी रेखाला शेजारी बसवलं, त्या पाहुण्या मुलाच्या ताटातलं भरीत आपल्या भाकरीवर ओढलं आणि दोघी जेवू लागल्या. निघताना सुधा अक्कांच्या पाया पडली. अक्का म्हणाल्या, "परत ये, बेटा. पन पुस्तक वाचीसन नको येऊ."

जाणार असाल तर थंडीत जा. हिरवी वांगी तेव्हाच चांगली मिळतात.

पिंप्राळ्यात पोचलो तर शेजारच्या बायका वाट बघत होत्या. सुधानं सगळं सांगितलं: विष नव्हतं, व्यापारी जेवलाच नव्हता, अक्का साध्या आहेत. ऐकता ऐकता सगळ्यांचे चेहरे पडले. मग एकीनं तिच्या खांद्यावर हात ठेवून काळजीनं विचारलं, "सुधा, तुम्ही नक्की त्याच खानावळीत गेला होतात ना?"