राजियाच्या कादंबरीतला गाळलेला दिवस

इन्शिराह कैरोतल्या एका छोट्या प्रकाशनात मुद्रितं तपासायची. चुकलेली अक्षरं, गळलेले पूर्णविराम, एवढंच तिचं काम. गोष्टीत नाक खुपसायचं नाही, हे मालक उस्ताज नसीम यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

त्या हिवाळ्यात दमनहूर गावच्या राजिया नावाच्या बाईची पहिलीवहिली कादंबरी तिच्या टेबलावर आली. राजियाचं तिकडे औषधांचं दुकान होतं आणि गोष्ट होती कालव्यात बुडून गेलेल्या तिच्या धाकट्या भावाची, हानीची. वाचताना इन्शिराह चुका टिपायचंच विसरली. पण एका जागी ती अडखळली. हानी सकाळी घराबाहेर पडतो आणि पुढच्या पानावर एकदम उन्हाळा, आईनं घर बदललेलं. मधला दिवस गायब.

राजिया मुद्रितं बघायला आली तेव्हा इन्शिराहला राहवलं नाही.

"मादाम, रागावू नका. हानी गेला त्या दिवशी बहीण कुठे होती?"

"ते वाचणाऱ्यानं समजून घ्यावं."

"तो घेईल हो समजून. पण बहीण तिथून पळाल्यासारखी वाटते."

राजिया उठली. तिनं सगळे कागद पिशवीत कोंबले आणि जिना उतरून गेली.

"तुला प्रश्न विचारायला ठेवलंय का?" उस्ताज नसीम म्हणाले. "पुस्तकांची जत्रा तोंडावर आलीय आणि पुस्तक गेलं पिशवीतून गावाला. ते परत आलं नाही तर तूही दुसरीकडे काम बघ."

दमनहूरला फोन लावला की 'मादाम कामात आहेत' एवढंच उत्तर यायचं. इन्शिराहला घास गिळवेना. नोकरीची धास्ती होतीच, पण त्याहून मोठी भीती वेगळी होती.

"तिनं जिवाचं काही करून घेतलं तर?" ती नवऱ्याला, सब्रीला म्हणाली.

"अगं, दुकान चालवणारी बाई आहे ती. आणि ही फुलची उसळ खा आधी, गार झालीय."

शेवटी तिनं तो दिवस स्वतःच लिहून काढला. कालव्याचा काठ, ओले कपडे, आक्रोश करणाऱ्या बाया, हंबरडा फोडणारी बहीण. चांगलं उतरलं होतं, राजियाचं म्हणून सहज खपून गेलं असतं, आणि त्यानंच ती जास्त धास्तावली. ते कागद पर्समध्ये घालून तिनं दमनहूरची गाडी पकडली.

दुकानात राजिया एका म्हातारीला खोकल्याचं औषध देत होती. म्हातारी गेल्यावर म्हणाली, "माफी मागायला आलात की पुस्तक मागायला?"

"माझं मलाच कळत नाही."

"मला नाही जमत तो दिवस लिहायला. तुम्ही लिहा ना, भाषा तुमच्याकडे आहे. मी माझं म्हणून छापीन."

इन्शिराहचा हात पर्सच्या चेनवर गेला. कागद काढून दिले की नोकरी वाचत होती, पुस्तक वेळेवर निघत होतं. पण त्यातली रडणारी बहीण तिनं मनानं रचलेली होती. खरी समोर उभी होती, कोरड्या डोळ्यांची. तिनं हात मागे घेतला.

"कुठे होता तुम्ही?"

राजियानं काउंटरची काच पुसली, पुन्हा पुसली. "इथेच. लोक बोलवायला आले, हानीला काहीतरी झालंय म्हणाले. मी म्हटलं, एवढं गिऱ्हाईक करून येते. मग आणखी एक केलं. मला कळलं होतं हो सगळं. दारातून पाऊल टाकलं की ते खरं होणार होतं."

"हेच लिहा."

"यात रडणंबिडणं काही नाही."

"नसू दे."

परतीच्या गाडीत इन्शिराहनं आपले कागद फाडून टाकले. राजिया लिहील याची काहीच शाश्वती नव्हती.

जत्रा हुकली. उस्ताज नसीम यांनी तिला काढलं नाही, पण कितीतरी दिवस ते तिच्याशी कामापुरतंच बोलले. मग वसंतात कागद परत आले, मधे दीड पान नवं. उस्ताज नसीम यांनी ते उभ्या उभ्या वाचलं, खुर्ची ओढून पुन्हा वाचलं आणि तसंच छापखान्याकडे धाडलं.

पुढे राजियानं कादंबरी लिहिणाऱ्या एका शाळामास्तरांना तिच्याकडे पाठवलं. मग त्यांच्या ओळखीचे आले. उस्ताज नसीम आता लेखकांना सरळ सांगतात, "आधी इन्शिराहशी बोला." मुद्रितं दुसरं कुणी तपासतं. लोकांना वाटतं, ती आता निर्धास्त झाली असेल. पण लेखक समोर बसला की अजून तिला भीती वाटते. कुठली जखम आपण उघडी करतोय, ते तिला आधी कधीच कळत नाही. थोडा वेळ ती कागद उगाच चाळत बसते, आणि मग विचारते.