उमाटे सरांची काळजी

उमाटे सर दगड चाटायचे. हातात आलेला दगड आधी फुंकायचे, शर्टाच्या बाहीला पुसायचे, मग जिभेचं टोक त्याला लावून डोळे मिटायचे. माझ्या ॲडमिशनच्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांचं हेच चाललं होतं. आई सोबत होती. तिनं माझा दंड असा काही आवळला की दोन दिवस वळ होता.

"चिकटली जीभ," सर म्हणाले. "म्हंजे याची माती होऊन राह्यली. पाणी पिते हा." आणि दगड माझ्यापुढे धरला. "घे, लावून पाह्य."

"अवो सर, धुतला तरी आहे का तो?" आईनं विचारलं.

"धुतल्यावर काय समजते बाई?" सर म्हणाले. मी जीभ लावली. खरंच चिकटली. बोरगाव मेघेला घरी पोचेपर्यंत आई माझ्याशी बोलली नाही.

आमच्या कॉलेजात भूशास्त्र आणि भूभौतिकी अशी दुहेरी पदवी तेव्हा नुकतीच सुरू झाली होती. भूशास्त्र म्हणजे दगड-माती पाहून जमिनीची कुंडली मांडायची. भूभौतिकी म्हणजे जमिनीत वीज सोडायची, यंत्रावरचे आकडे वाचायचे आणि न खणता आत काय आहे ते ओळखायचं. दोन्हीकडचे पेपर, दोन्हीकडची प्रॅक्टिकलं, जीव नकोसा व्हायचा. त्यात घरी मामा आले की सुरू व्हायचे, "एक डिग्री घेऊन पोट्टे घरी बसून राह्यले, हे दोन घेऊन बसन." मी म्हणायची, "मामा, दोन असल्या की बसायला गादी जाड होते." हसणं वरचंच होतं. गणित मला जमत नव्हतं, आणि भूभौतिकी म्हणजे सगळं गणितच.

सरांना विचारलं की दोन्ही कशाला हवं, तर ते म्हणायचे, "डॉक्टर जीभ पाह्यते का नाई? मंग छातीच्या ठोक्याची पट्टीबी काढते का नाई? नुसती जीभ पाहून औषध देणारा फसवते, आन् नुसती पट्टी वाचणाराबी फसवते."

पण सर म्हटलं की आम्हाला आधी आठवायची ती त्यांची काळजी. इतका घाबरट माणूस मी जन्मात पाहिला नाही. सहलीला निघालो की बसमध्ये पुन्हा पुन्हा डोकी मोजणार. पिशवीत ग्लुकोज, सुतळी, दोन जादा बॅटऱ्या आणि कोरड्या उन्हाळ्यातसुद्धा छत्री. कॅन्टीनवाल्यानं चहा गाळायला घेतला तरी त्याला विचारणार, "होईन नं बराबर?" तो बिचारा म्हणायचा, "सर, चहाच आहे." सिंदी मेघेच्या त्यांच्या घरी आम्ही गेलो तर काकू सांगायच्या, "मले पाहाले आलते तवा पोहे खाल्ले नाई याइनं. आमच्या आंगणातल्या विहिरीत वाकून पाहून राह्यले होते. माह्या बापाले वाटलं, जीव देते का काय हा!" सर खाली मान घालून हसायचे. आम्ही पोरं त्यांची नक्कल करायचो, आणि ते त्यांना ठाऊक होतं.

एकदा मी त्यांना तोंडावर विचारलं, "सर, एवढं कशाला भ्यायचं?"

"आपण बोट ठेवतो तिथं लोक मशीन लावते पल्लवी," ते म्हणाले. "बोट आपलं, घसा त्याइचा कोरडा. भ्यावं नाई तं काय करावं?"

शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला सरांनी हिंगणघाटच्या बाजूचं एक गाव घेतलं. वेणा नदीपासून दूर, उंचावर. फेब्रुवारी संपला की विहिरी तळाला जायच्या आणि टँकरची वाट पाहणं सुरू व्हायचं. सरपंच संगीताताई आमच्यापेक्षा वयानं थोड्या मोठ्या, बोलायला खमक्या. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "सर, गावानं वर्गणी केली ते एकाच बोराची. पाणी लागलं तं लागलं, नाई तं यंदा पुन्हा बोराचं नाव नाई. म्हणून जिथं दाखवान तिथं पक्कं दाखवा." सरांच्या कपाळावर तिथंच घाम आला. खरं सांगते, माझ्याही आला.

गावठाणाबाहेरच्या पडीक जागेत आम्ही लोखंडी खुंट्या ठोकल्या, माती कोरडी म्हणून प्रत्येक खुंटीच्या बुडाशी मिठाचं पाणी ओतलं, वायरी जोडल्या. आकडे माकडासारखे उड्या मारायला लागले. सरांचा चेहरा उतरला. मग कळलं, शेजारच्या शेतात रानडुकरांसाठी तारेच्या कुंपणाला लावलेलं झटका मशीन चालूच होतं. ते बंद करून घेतलं तेव्हा आकडे ताळ्यावर आले, आणि एका ठिकाणी तर असे झरझर खाली उतरले की मी टाळीच वाजवली. आकडा खाली म्हणजे आत ओल, असा आमचा ढोबळ हिशेब. संगीताताईंनी तिथं झेंडी रोवली, नारळ फुटला, पिठलं-भाकरीची पंगत बसली.

सरांनी भाकरीला हात लावला नाही. "इतकं सोपं नसते बाप्पा," एवढंच पुटपुटले. मग उठून जवळच्या विहिरीपाशी गेले, आत वाकले. मीही वाकले. वरपासून खालपर्यंत काळा, अखंड, एकसुरी कातळ. पाणी मुरायला कुठं फट नाही, कुठं भोक नाही.

"दगड म्हणते नाई, आकडा म्हणते हो," सर म्हणाले. "कोणीतरी खोटं बोलून राह्यलं. इथं खाली लोखंड आहे पल्लवी." लोखंड पुरलेलं असलं की वीज पटकन धावते आणि यंत्र फसतं, हे आम्ही शिकलो होतो. त्यांनी गावात विचारलं, इथं जुना बोर आहे का, त्याच्या तोंडाशी बसवलेला केसिंगचा पाइप आहे का? सगळे म्हणाले, "नाई जी." म्हाताऱ्यांनी मान हलवली, बायांनी पदर तोंडाला लावला. संगीताताई तर दुसरीकडेच पाहायला लागल्या. आणि बोरची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी यायची होती.

मी भडकले. म्हटलं, "तुमच्यासाठीच मरून राह्यलो ना आम्ही, मग लपवता काऊन?"

सरांनी मला हातानं थांबवलं आणि संगीताताईंना बाजूला नेलं. तेव्हा त्यांनी हळूच सांगितलं. त्या गावात नवा बोर करायचा असला की फेल गेलेल्या बोराचं नाव घ्यायचं नसतं. नाव घेतलं की नवाही कोरडा जातो, अशी पक्की समजूत. म्हणून जुन्या बोरांवर शिळा ठेवायची, माती लोटायची आणि तोंड मिटायचं. अख्खं गाव आमच्याशी खोटं बोललं ते पाणी लागावं म्हणून!

मला वाटलं आता सर अंधश्रद्धेवर व्याख्यान देतील. दुसरं कोणी असतं तर दिलंच असतं. पण हा माणूस स्वतःच जन्माचा भित्रा. त्यांना त्या लोकांची भीती माझ्या आधी कळली. ते परत आले आणि हात जोडून म्हणाले, "बाई हो, बापू हो, नाव घेऊ नका. तोंडानं काई बोलूच नका. फक्त जिथं आहे तिथं जाऊन उभे राहा."

मग गिरजाबाई नावाची एक म्हातारी गुडघ्यावर हात टेकत उठली, चालत गेली आणि झेंडीच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली. तिच्या मागून एक बापू उठले, ते पार वरच्या बांधाजवळ थांबले. मग आणखी एक बाई, चिंचेपाशी. तिघंही उन्हात गप्प उभे. सर त्यांच्याकडे पाहत कागदावर टिंबं काढत होते.

झेंडी उपटली. आम्ही पुन्हा खुंट्या ठोकल्या, त्या तिघांपासून लांब. आता एका जागी दगड आणि आकडा एका सुरात हो म्हणाले. सरांनी नवी जागा दाखवली. सकाळी गाडी आली, गाव जमलं. मशीन सुरू झालं आणि पांढरा धुरळा उडायला लागला. एकेक रॉड खाली जात होता, धुरळा तसाच. बाया देवाचं नाव घेत होत्या. सर माझ्या शेजारी उभे, ओठ पांढरे पडलेले. मी मनात म्हणत होते, आता ओला येईल, आता येईल. शेवटचा रॉडही गेला. मशीन बंद झालं. धुरळा कोरडाच होता.

कोणी शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. लोक नुसते उभे राहिले. तेव्हा सर चालत गेले आणि त्या बोराच्या तोंडापाशी जाऊन उभे राहिले, आदल्या दिवशी ती तिघं उभी होती तसेच, खाली मान घालून.

गिरजाबाई म्हणाली, "सर, या इकडे. तुमी काई गावातले नोहे. तुमाले तिथं उभं राह्याची गरज नाई."

"आता झालो नं बाई गावातला," सर म्हणाले.

परतताना मी त्यांना सांगितलं की मी भूभौतिकी सोडते, एकच पदवी घेते. ते चिडले. मी त्यांना चिडलेलं तेव्हा एकदाच पाहिलं. "एक डोळा मिटून घेतला म्हणून का कोरडा बोर ओला होते? दोन्ही उघडे ठेवूनबी चुकलो आपण. मंग नीट पाह्य अजून."

त्यानंतर त्यांच्या सुट्ट्या त्या गावातच जायला लागल्या. पावसाळ्यात नाले कसे वाहतात ते पाहायचे, पावसानंतर पुन्हा यंत्र लावायचे. मी असायची बरोबर. दिवाळी झाल्यावर एक दिवस कॉलेजच्या पायऱ्यांवरच ते बसले ते उठले नाहीत. हृदय. मला त्यांचा राग आला, खरंच आला. असं अर्ध्यात कोणी जातं का?

यंदा गावानं पुन्हा वर्गणी केली. जागा मी दाखवली. गावाच्या खालच्या अंगाला, जिथं जुन्या नाल्याच्या काठी भोकाभोकांचा दगड उघडा पडलाय आणि आकडेही बेताचे, सरळ खाली येतात. आदल्या दिवसापासून मी आकडे पुन्हा पुन्हा तपासत होते. मशीन सुरू झालं, धुरळा उडाला, पांढराच. मी डोळे मिटून घेतले. बायांचा एकदम गलका झाला तेव्हा उघडले. धुरळ्याचा चिखल झाला होता, आणि चिखलामागून पाणी उसळत होतं.

सगळे भिजत होते, संगीताताई माझ्या गळ्यात पडून रडत होत्या. मीही रडत होते. मग त्यांनीच सिंदी मेघेला काकूंना फोन लावला आणि फोन तसाच पाण्याच्या दिशेनं धरला. "काकू, ऐका. पाणी आहे." मशीनच्या आवाजात काकूंना काय ऐकू आलं कोण जाणे. संगीताताईंनी फोन माझ्या हातात दिला.

"पल्लवी, लागलं व माय?" काकूंनी विचारलं.

"लागलं काकू. भरपूर."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "आता लागन त्याइले झोप."