‘होता’ कावून मनते?

मुलांनो,

माझ्यावर एक छोटी फिल्म करायची म्हणून तुम्ही प्रश्न पाठवलेत. आजी लगेच टेबलाशी बसेल आणि क्रमाने उत्तरं लिहून काढेल, असं तुम्हाला वाटलं असेल. बसलेही होते. पण पहिल्याच प्रश्नाशी अडले. का अडले ते सांगायचं तर आधी तुमच्या पणजीबद्दल, म्हणजे माझ्या सासूबाईंबद्दल सांगायला हवं, आणि एका टोपीबद्दल.

मी पुण्याची, इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली. तुमचे आजोबा नागपूरकडचे. लग्न करून भिलाईला आले तेव्हा पोलादाचा कारखाना अजून उभा होत होता. सेक्टर सहामधल्या आमच्या क्वार्टरला ओल्या चुन्याचा वास येई आणि समोरच्या रस्त्यावर सावलीपुरतंही झाड नव्हतं. घर मराठी, तेव्हा भाषेची तरी अडचण नाही, असं मी धरून चालले होते. पण पहिल्याच आठवड्यात शेजारीण दारात येऊन म्हणाली, "तुमचे मिस्टर येऊन राहिले." मी आत जाऊन दोन्ही खोल्या पाहून आले. येऊन राहिले म्हणजे आलेलेच असणार ना! ती हसता हसता दाराच्या चौकटीला टेकली. तिच्या मराठीत त्याचा अर्थ फक्त "येत आहेत" एवढा होता. तुमचे आजोबा खरोखरच रस्त्याच्या टोकाला सायकलवरून येत होते. म्हणजे येऊन राहिले होते.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा त्यांना पोलादाच्या कामाचं शिक्षण घ्यायला रशियात पाठवलं. मागे राहिलो सासूबाई आणि मी. दोघी मराठीच बोलायचो, पण एकमेकींचं बोलणं थोडं थोडं चुकतच समजायचं.

संध्याकाळी मैदानात कधीकधी सिनेमाची गाडी यायची. दोन बांबूंमध्ये पांढरं कापड ताणायचे, आणि लोक सतरंज्या, स्टुलं, कोणी तर बाजसुद्धा घेऊन येऊन बसायचे. गाण्यांचा सिनेमा क्वचितच. बहुतेक वेळा डॉक्युमेंटरी, मोठी कामं केलेल्या माणसांवरची. सासूबाई त्याला ‘मोठ्या मानसायचा सिनेमा’ म्हणत. बोलणं बरेचदा इंग्रजीत असे आणि मी त्यांच्या कानाशी लागून मराठीत सांगत असे. मला ते काम फार आवडायचं. शिकलेलं कुठेतरी उपयोगी पडत होतं.

एक घोड्यावरून खेडोपाडी फिरणारा म्हातारा डॉक्टर अजून डोळ्यांपुढे आहे. नदी ओलांडताना औषधांची पेटी डोक्यावर धरायचा. तो सिनेमा त्याच्या तसबिरीवर संपला. तसबिरीला हार, पुढे समई. सासूबाईंनी हात जोडले. पुढच्या खेपेला आंधळ्या मुलांना शिकवणारी एक बाई होती. तीही शेवटी हारातच गेली. सासूबाई विचारात पडल्या.

"मेली?"

"हो आई."

"मंग आत्ता चालून कशी राहिली होती?"

"ते आधी काढलेलं असतं."

"आधी काढून ठेवते? कोन कवा मरन हे त्यायले पयलेच कसं समजते?"

खरं सांगायचं तर त्या डॉक्टरच्या सिनेमात घोड्यावर बसलेला माणूस खुद्द डॉक्टर होता की त्याच्याऐवजी दुसरं कोणी, हे मलाही कळलं नव्हतं. त्यातून सासूबाईंनी आपल्या मनाशी एक नियम बांधून टाकला. ह्या सिनेमात ज्याला घेतलं, तो गेलेला. घराच्या भिंतीवर फोटो जसा माणूस गेल्यावरच चढतो, तसंच हेही.

आणि मग शेजारणीने बातमी आणली. तिचे यजमान कारखान्यात होते, तिथे त्यांना कळलं होतं. रशियात शिकायला गेलेल्या आपल्या मुलांवर फिल्म आली आहे, आणि तीत तुमचे मिस्टर आहेत.

"आता काय बाप्पा, हिरोची माय झाल्या तुमी! आता आमाले कायले वळखता!" ती सासूबाईंना म्हणाली.

सासूबाई हसल्या नाहीत. पत्र येऊन बरेच दिवस झाले होते. पत्रं नेहमीच उशिरा यायची, पण त्या वेळी जास्तच उशीर झाला होता. शेजारीण गेल्यावर त्यांनी मला विचारलं, "माया पोट्ट्याले कावून घेतलं सिनेमात? काय झालं त्याले?" कावून म्हणजे का, एवढं मला तोवर कळू लागलं होतं.

मी समजावलं. जिवंत माणसांचेही सिनेमे निघतात, ही मानाची गोष्ट आहे, असं काही झालं असतं तर ऑफिसातून आधी कळवलं असतं. त्या ऐकत होत्या, पण त्या दिवसापासून ताटात वाढलेलं तसंच राहू लागलं. आणि तुम्हाला खरं सांगते, त्यांना समजावता समजावता मलाच काही उमगेनासं झालं. मी पाहिलेल्या त्या सिनेमांमधलं जिवंत माणूस मला एकही आठवेना.

सिनेमाच्या दिवशी सासूबाई सगळ्यांत पुढे जाऊन बसल्या. पडद्यावर बर्फ आलं, कारखान्याच्या चिमण्या आल्या, मग एकसारखे जाड कोट आणि कानांवर ओढलेल्या केसाळ टोप्या घातलेली दहाबारा मुलं. सगळी आपलीच, पण कोण कोणता ते कळायला मार्ग नव्हता. मग त्यांतला एक पुढे आला. भट्टीच्या उजेडात उभा राहिला आणि कोणाकडे तरी पाहून मोठ्याने हसला.

"हेच! हेच तुमचे मिस्टर!" मागून शेजारीण ओरडली.

मी पाहत राहिले. माझं लग्न झालेला माणूस हसताना ओठ मिटून हसायचा. हा दात दाखवून हसत होता. नाक त्यांचं वाटलं, पण उभं राहणं वाटेना. माझा नवरा मला ओळखू येत नाही, हे तिथे कोणाला सांगणार?

"हा माया पोट्टा नाई," सासूबाई ठामपणे म्हणाल्या. "माया पोट्टा असा दात काढत नाई."

एवढ्यात फिल्मची माहिती इंग्रजीत सांगणारा पुढे निघाला होता. ह्या सिनेमांमध्ये सगळं भूतकाळातच सांगायची रीत असते. मी सवयीने कानाशी सांगू लागले. हा तरुण दूर देशातून आला होता. पहाटे उठत होता. भट्टीवर काम करत होता.

माझ्या मनगटावर त्यांची बोटं रुतली. "होता? होता कावून मनते? हाये कावून नाई मनत?"

"तो सांगणाराच तसं म्हणतोय, आई."

"त्याले काय समजते! तू सांग."

आता तुम्हीच सांगा, मी काय करायचं होतं? कॉलेजात शिकलेलं सगळं म्हणत होतं, जे वाक्य आहे तेच सांग. आणि इथे ह्या बाईचा श्वास एका क्रियापदावर अडकला होता. मी पडद्याकडे पाहिलं. तो मनुष्य, कोण असेल तो, लांब सळई भट्टीत घालत होता, आत्ता, आमच्या डोळ्यांदेखत. मी म्हटलं, "काम करून राहिला, आई."

त्यांची मराठी माझ्या तोंडून पहिल्यांदाच निघाली. बोटं सैल झाली.

"करून राहिला?"

"करून राहिला."

त्यांनी पदराने डोळे पुसले आणि पुन्हा नीट पाहिलं. "मंग तोच असन," त्या म्हणाल्या. "दात त्याच्या बापासारके हायेत."

घरी आल्यावर त्या पोटभर जेवल्या. मी मात्र त्यांना वाढता वाढता विचार करत होते. मी खोटं बोलले होते की नुसतं भाषांतर केलं होतं? आणि तो हसणारा माणूस ते असतील, तर मी ज्यांची वाट पाहत होते ते कोण?

तुमचे आजोबा परत आले ते उन्हाळ्यात. आम्ही पावर हाउसच्या स्टेशनवर गेलो होतो. गाडीतून उतरले तेव्हा ओठ मिटूनच हसले. सासूबाईंनी त्यांच्या चेहऱ्यावरून, मग खांद्यांवरून हात फिरवला आणि माझ्याकडे वळून, जणू माझीच काही शंका होती अशा सुरात, म्हणाल्या, "हाये."

पुढे थंडीत तीच फिल्म पुन्हा मैदानात आली. ह्या वेळी आम्ही तिघं एका सतरंजीवर होतो. टोपीवाला पुढे आला, भट्टीपाशी थांबला, हसला.

"तूच ना रे तो?" सासूबाईंनी विचारलं.

आजोबा पुढे वाकून पाहू लागले. तो माणूस पडद्यावरून गेला तरी ते पाहतच होते. "समजून नाई राहिलं, माय," ते शेवटी म्हणाले. "टोपी मायी दिसते."

मला हसू आलं, आणि थोडी भीतीही वाटली. सवयीने मी बोलणाऱ्याचं सांगत होते, काम करत होता, पहाटे उठत होता. मधेच लक्षात आलं की मी पुन्हा ‘होता’ म्हणते आहे. थांबून सासूबाईंकडे पाहिलं. त्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. शेंगा फोडून त्या एकेक दाणा मुलाच्या तळहातावर ठेवत होत्या.

तो माणूस कोण होता ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. आजोबा गेल्यावर त्यांचा फोटो भिंतीवर लावताना मला तीच टोपी आठवली, आणि क्षणभर वाटलं, ह्या फोटोलाही विचारावं, हे तुम्हीच ना?

तर तुमचा पहिला प्रश्न. ‘आजी भिलाईत कधीपासून कधीपर्यंत राहिली?’ मी तर अजून इथेच आहे, मग ह्यातल्या ‘कधीपर्यंत’चं मी काय करू? फिल्म काढा, मी नाही म्हणत नाही. इस्त्रीचं पातळ नेसून बसेन, विचाराल ते सांगेन. फक्त त्यावर जो कोणी बोलेल त्याला माझ्या सासूबाईंच्या मराठीत बोलायला सांगा. आजी भिलाईत राहून राहिली, असं. पुण्याच्या लोकांना ते वाक्य चुकलेलं वाटेल. वाटू द्या.